उजनीचं पाणी उपग्रहातून कसं मोजायचं

उन्हाळ्यात उजनी ‘मायनसमध्ये’ गेल्याची बातमी आली की काहींना वाटतं धरण कोरडं पडलं. पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना भिगवण-पळसदेवच्या पट्ट्यात पसरलेलं पाणी बघणाऱ्यांना वाटतं, आकडेच खोटे आहेत. दोन्ही समज चुकीचे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, बाकीचा त्याखालचा मृतसाठा. बातमीतली टक्केवारी असते ती फक्त उपयुक्त साठ्याची; पाणी मृतसाठ्यात उतरलं की ती ‘मायनस’ होते. म्हणजे शून्य टक्क्यांवर आलेल्या उजनीतही महाराष्ट्रातल्या बऱ्याच धरणांच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त पाणी असतं.

हे पाणी किती जागेवर पसरलंय, ऑक्टोबरपासून मेपर्यंत किती आक्रसलं, कुठल्या बाजूने आधी हटलं, हे तुम्हाला घरबसल्या मोजता येतं. साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. उपग्रहाच्या प्रतिमाही मोफत आहेत. सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहातून दुरूनच जमीन वाचणं, शिकायचं असेल तर जंगल, शेती, शहर, हवा सगळं एकदम हातात घेण्यापेक्षा एकच धरण धरावं आणि ते शेवटापर्यंत न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उजनी त्यासाठी उत्तम. पसरट आहे, त्यामुळे पातळी मीटरभर उतरली तरी काठ लांब सरकतो. शिवाय जलपर्णी (पाण्यावर तरंगणारं तण), शेवाळ आणि गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळावरचं पीक) हे तिन्ही घोळ इथे एकाच जागी भेटतात.

उपग्रह नेमकं काय मोजतो

सेंटिनेल-२ किंवा लँडसॅटसारखा उपग्रह जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश मोजतो, तोही वेगवेगळ्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत. या पट्ट्यांना बँड म्हणतात. स्वच्छ पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं, पण निकट अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडची, डोळ्याला न दिसणारी किरणं जवळजवळ सगळी गिळून टाकतं. हिरवं पीक याच्या उलट वागतं: लाल प्रकाश गिळतं आणि निकट अवरक्त भरभरून परत पाठवतं. उघडी जमीन या दोघांच्या मध्ये कुठेतरी. पुढची सगळी गणितं या एवढ्याशा फरकावर उभी आहेत.

आपल्या कामाला सेंटिनेल-२ घ्या. युरोपीय अंतराळ संस्थेच्या या मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेची प्रतिमा मिळते. एकूण १३ बँड आहेत. निळा, हिरवा, लाल आणि निकट अवरक्त हे चार १० मीटरचे, म्हणजे एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. आपल्या मापात जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. चाळीस पिक्सेल म्हणजे एकर. शेतकऱ्याला उपग्रहाची प्रतिमा समजावून सांगताना याहून सोपं माप मला सापडलेलं नाही.

लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. पण त्याचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, त्यामुळे जुना इतिहास हवा असेल तर तोच कामाचा. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. धरण होण्याआधीची भीमा कशी वाहत होती, ते लँडसॅटच्या सुरुवातीच्या, भरड प्रतिमांत शोधता येतं. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅट मालिकेच्या प्रतिमा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’ संकेतस्थळावर मिळतात. त्यातला लिस-३ कॅमेरा २३.५ मीटरचा आहे. ‘भुवन’ वेगळं. ते मुख्यतः नकाशे बघण्यासाठी आहे, आणि नवखे लोक मोजणीचा डेटा तिथे शोधत बसतात.

आधी तारीख ठरवा, मग डाउनलोड

प्रतिमा कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मिळतात. ईमेल देऊन खातं उघडायचं. पण त्याआधी प्रश्न कागदावर लिहा. ‘उजनीचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. ‘या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि मेच्या अखेरीला पाण्याचं क्षेत्र किती होतं, आणि मधल्या काळात किती पाणी उतरलं’ हा प्रश्न. दोन तारखा ठरल्या की काम निम्मं झालं.

पहिली तारीख पाऊस परतल्यानंतरची घ्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत आभाळ मोकळं असतं आणि धरण वर्षातल्या सर्वांत मोठ्या फुगवट्याच्या आसपास असतं. दुसरी मेच्या शेवटच्या आठवड्यातली. जूनमध्ये ढगांची खात्री नाही.

ब्राउझरमध्ये उजनीभोवती चौकोन काढा, सेंटिनेल-२ निवडा आणि ‘एल-२ए’ हा प्रकार घ्या. ‘एल-१सी’ घेऊ नका. एल-१सी मध्ये वातावरणाच्या वर पोचलेला प्रकाश असतो, धूळ-बाष्पाचा परिणाम तसाच ठेवलेला. एल-२ए मध्ये तो परिणाम काढून जमिनीचं परावर्तन दिलेलं असतं. मेमधल्या धुरकट हवेत दोन्हींतला फरक डोळ्यालाही दिसतो. ढगांच्या टक्केवारीवर आंधळा भरवसा नको, कारण ती पूर्ण टाइलची, म्हणजे प्रतिमेच्या अख्ख्या चौकोनी तुकड्याची असते. टाइल शंभर किलोमीटरहून मोठी. ढग सगळे बारामतीकडे आणि उजनी मोकळं, किंवा टक्केवारी नगण्य आणि तो एकच ढग नेमका भीमानगरच्या भिंतीवर, असं दोन्ही घडतं. प्रतिमा उघडून डोळ्याने बघा.

फाइलच्या नावात तारखेपुढे जी वेळ असते ती जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. उजनीवर ती सकाळी अकराच्या आसपास येते. धरणाची त्या दिवसाची पातळी पुढे लागणार आहे, तेव्हा वेळ टिपून ठेवा.

उतरवायच्या फाइली थोड्याच आहेत: बी०३ म्हणजे हिरवा, बी०४ म्हणजे लाल, बी०८ म्हणजे निकट अवरक्त, हे तिन्ही १० मीटरचे, बी११ म्हणजे लघुतरंग अवरक्त, तो २० मीटरचा, आणि एससीएल नावाचा थर, ज्यात प्रत्येक पिक्सेलला ढग, सावली, पाणी, झाडोरा असा शिक्का मारलेला असतो.

क्यूजीआयएसमध्ये पहिलं काम: नुसतं बघणं

प्रोजेक्टची प्रक्षेपण प्रणाली (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) ईपीएसजी ३२६४३ ठेवा, म्हणजे यूटीएमचा उत्तर ४३ वा पट्टा. सेंटिनेलच्या फाइली मुळात त्यातच येतात. अंश-मिनिटांच्या प्रणालीत क्षेत्रफळ मोजायला गेलात तर उत्तर चौरस अंशात येईल, त्याचा कुणालाच उपयोग नाही.

मग बी०८ लाल रंगात, बी०४ हिरव्यात, बी०३ निळ्यात टाकून मिश्र प्रतिमा बनवा. यात पीक भडक लाल दिसतं, पाणी काळंनिळं, उघडी जमीन करडी-हिरवट. घाई न करता काठाकाठाने फिरा. इंदापूर, करमाळा, दौंड या बाजूंचा ऊस लालभडक दिसेल. मेच्या प्रतिमेत पाणी हटलेल्या पट्ट्यात लाल ठिगळं दिसली तर ती बहुधा गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळावर घेतलेलं पीक. पाण्याच्या आतच लाल तवंग दिसला तर ती जलपर्णी. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं, त्यावर ती पोसते.

गाळपेर आणि जलपर्णी दोन्ही लाल दिसतात, मग ओळखायचं कसं? पाच-दहा दिवसांच्या अंतराने घेतलेली दुसरी प्रतिमा शेजारी लावा. जलपर्णी वाऱ्याने सरकते: आज या खाडीत, पुढच्या आठवड्यात पलीकडच्या काठाला, कडा फाटक्या आणि वाहत गेल्यासारख्या. पीक जागच्या जागी असतं, आणि त्याला बांध असतो, सरळ रेघेत. हा फरक कुठलंही सूत्र तुम्हाला देणार नाही, डोळाच देईल. म्हणून हे बघण्याचं काम गणिताच्या आधी सांगितलं.

निर्देशांक, आणि वजा एक हजाराची भानगड

पाणी वेगळं काढण्यासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलं. त्याला एनडीडब्ल्यूआय म्हणतात:

(हिरवा − निकट अवरक्त) ÷ (हिरवा + निकट अवरक्त)

पाण्यावर उत्तर धन येतं, जमिनीवर आणि पिकावर ऋण. याचाच एक भाऊ आहे, शू यांनी २००६ मध्ये सुचवलेला एमएनडीडब्ल्यूआय. त्यात निकट अवरक्ताच्या जागी लघुतरंग अवरक्त बँड येतो. गढूळ पाण्यात आणि वस्तीजवळ तो जास्त भरवशाचा, पण सेंटिनेलमध्ये तो बँड २० मीटरचा असल्याने काठ जाडाभरडा निघतो. उजनीसाठी मी पहिलं सूत्र मुख्य धरतो आणि दुसरं पडताळणीला ठेवतो. दोघांचं जिथे पटत नाही, तिथे हमखास काहीतरी बघण्यासारखं असतं: शेवाळ, गाळ किंवा जलपर्णी.

आता रास्टर कॅल्क्युलेटर, म्हणजे पिक्सेलांवर गणित करणारं क्यूजीआयएसमधलं साधन, उघडण्याआधी एक गोष्ट. सेंटिनेल-२ च्या फाइलीतला आकडा थेट परावर्तन नसतो. पूर्वी त्याला १०,००० ने भागलं की परावर्तन मिळायचं. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रिया बदलली. प्रत्येक आकड्यात १,००० जास्त मिळवलेले असतात, तेव्हा आधी १,००० वजा करायचे, मग भागायचं. न केल्यास काय होतं बघा. समजा एका पिक्सेलमध्ये हिरवा १६०० आणि निकट अवरक्त १३००. तसंच सूत्र लावलं तर ३०० भागिले २९००, म्हणजे सुमारे ०.१०. हजार वजा करून लावलं तर ३०० भागिले ९००, म्हणजे ०.३३. पाणी तेच, आकडा तिप्पट.

सूत्राच्या वरच्या भागात, म्हणजे वजाबाकीत, फरक पडत नसल्याने चिन्ह सहसा बदलत नाही. म्हणून उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर पाणी धरायचं तो आकडा, शून्यावर ठेवणाऱ्याला ही चूक कळतही नाही. पण उंबरठा ०.१ केला, किंवा २०१९ ची प्रतिमा २०२४ च्या शेजारी लावली, की सगळं फिसकटतं आणि ‘पाच वर्षांत पाण्याचा दर्जा बदलला’ असले निष्कर्ष निघतात. जुन्या प्रतिमांचंही पुन्हा नव्या पद्धतीने प्रक्रियाकरण झालेलं आहे, म्हणून तारखेवरून ठरवू नका. फाइलीच्या नावातला प्रक्रिया-क्रमांक बघा: ०४०० किंवा त्याहून मोठा असेल तर हजार वजा करा. गूगल अर्थ इंजिन (इंटरनेटवरच उपग्रह-प्रतिमांवर काम करण्याची सोय) वापरणाऱ्यांनी नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेला संच घ्यावा. तिथे ही जुळवणी आधीच केलेली असते.

हजार वजा केल्यावर खोल पाण्यात निकट अवरक्त कधी शून्याच्या खाली जातो आणि निर्देशांक १ च्या पुढे. घाबरू नका. ऋण आकड्यांना शून्य धरा आणि पुढे चला.

उंबरठा कुठे ठेवायचा

पुस्तकं सांगतात शून्य. सुरुवात तिथूनच करा, पण तिथे थांबू नका. निर्देशांकाच्या थराचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या किमतीचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, काढा. दोन टेकाडं दिसतील, एक जमिनीचं आणि एक पाण्याचं. त्यांच्यामधल्या दरीचा तळ जिथे, तिथे उंबरठा. हेच काम ओत्सू नावाची गणिती पद्धत आपोआप करते. पण तिला दोन्ही टेकाडं नीट दिसली पाहिजेत. अख्ख्या जिल्ह्याची प्रतिमा दिलीत तर जमिनीच्या ढिगात पाणी हरवून जातं. धरणाभोवतीचा आटोपशीर तुकडा कापून मगच ती चालवा.

नोव्हेंबर आणि मे यांच्यासाठी उंबरठा वेगवेगळा निघू शकतो, आणि निघालाच पाहिजे असं मी म्हणेन. मेमध्ये फुगवट्याच्या वरच्या अंगाला पाणी उथळ, गढूळ आणि हिरवट असतं. त्यातलं शेवाळ निकट अवरक्त परत पाठवतं आणि निर्देशांक खाली खेचतो. भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने लाटांवरून चकाकीही उठते. दोन्ही महिन्यांना एकच आकडा लावला की मेमधलं खरं पाणी गाळलं जातं आणि घट फुगवून दिसते. निवडलेला उंबरठा मात्र अहवालात लिहा, आणि तो ०.०५ ने वर-खाली केला तर क्षेत्र किती बदलतं तेही काढून ठेवा. तो बदल किरकोळ असेल तर तुमच्या आकड्यात दम आहे.

यानंतर तीन गोष्टी निस्तरा. एक, एससीएल थरातले ढग आणि सावल्या. वर्ग ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे पातळ उंच ढग. सावली काळी असते आणि सूत्राला पाण्यासारखी वाटू शकते. दोन, धरणाबाहेरचं पाणी. नोव्हेंबरच्या पाण्याची कड घेऊन तिच्याबाहेर शंभर मीटरची पट्टी वाढवा आणि मोजणी फक्त त्या कुंपणाच्या आत करा, म्हणजे शेततळी आणि आजूबाजूचे तलाव हिशोबात येणार नाहीत. भिंतीखालची नदीही कुंपणातून कापून टाका. तीन, जलपर्णी, ही मात्र छाटायची नाही, मिळवायची. कारण तिच्याखाली पाणीच आहे. मघाशी डोळ्याने ओळखलेल्या तवंगांभोवती बहुभुज काढा आणि त्यांना पाणी म्हणून जोडा. काम कंटाळवाणं आहे. पण हे टाळून काढलेलं उजनीचं क्षेत्र म्हणजे जलपर्णी कुठे पसरली याचा अप्रत्यक्ष अहवाल असतो.

आता पाण्याच्या पिक्सेलांना १ आणि बाकीच्यांना ० किंमत द्या आणि क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं ‘रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट’ चालवा. १ या किमतीचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये मिळेल. दहा लाखांनी भागा, चौरस किलोमीटर झाले.

किती चूक धरायची? काठावरचा प्रत्येक पिक्सेल अर्धा पाण्यात, अर्धा जमिनीवर असतो. काठाची लांबी मोजा आणि अर्ध्या पिक्सेलने, म्हणजे ५ मीटरने गुणा. समजा काठ ३०० किलोमीटर भरला, तर दीड चौरस किलोमीटर इकडे-तिकडे. ही झाली ढोबळ कमाल मर्यादा. प्रत्यक्षात काही पिक्सेल जास्त धरले जातात, काही कमी, आणि बरीचशी चूक एकमेकींत जिरते. उत्तर देताना दशांशाचे चार आकडे लिहिण्याचा मोह मात्र आवरा.

क्षेत्रावरून टीएमसी

उपग्रहाने दिलं ते क्षेत्र. लोक विचारणार टीएमसी. एका प्रतिमेवरून तो आकडा निघत नाही, कारण तळ दिसत नाही. पण दोन प्रतिमा आणि दोन्ही दिवसांची पाणीपातळी हाती असेल तर मधल्या थराचं आकारमान निघतं. पातळी जलसंपदा विभागाच्या रोजच्या धरणसाठा तक्त्यांत असते, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. केंद्रीय जल आयोगही मोठ्या धरणांचं साप्ताहिक पत्रक काढतो.

सूत्र शाळेतल्या शंकुच्छेदाचं आहे:

आकारमान = उंचीतला फरक ÷ ३ × (पहिलं क्षेत्र + दुसरं क्षेत्र + दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ)

क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये ठेवली तर उत्तर थेट दशलक्ष घनमीटरमध्ये येतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, २८.३२ दशलक्ष घनमीटर. निव्वळ उदाहरणादाखल आकडे घेऊ: आधी २०० चौरस किलोमीटर, नंतर १५०, पातळी २ मीटर उतरली. २०० गुणिले १५० म्हणजे ३०,०००, त्याचं वर्गमूळ १७३.२. बेरीज ५२३.२. त्याला २ ने गुणून ३ ने भागलं की ३४८.८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण १२.३ टीएमसी.

नोव्हेंबर ते मे ही एकच उडी मारू नका. दर महिन्याची एक प्रतिमा घ्या, प्रत्येक टप्प्याचं आकारमान काढा आणि बेरीज करा. काठाचा उतार सगळीकडे सारखा नसतो, म्हणून छोटे टप्पे अचूक. धरणात गाळ किती साचला हे काढायला तज्ज्ञ हीच वाट धरतात: वेगवेगळ्या पातळ्यांवरचं पाण्याचं क्षेत्र उपग्रहातून काढायचं, आजची क्षमता मांडायची आणि मूळ आराखड्यातल्या क्षमतेतून वजा करायची. नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, राज्यातल्या जलाशयांचं असं गाळ सर्वेक्षण करत आली आहे. मर्यादा एवढीच, की पाणी ज्या पातळीच्या खाली कधी उतरलंच नाही, त्याखालचा गाळ या पद्धतीला दिसत नाही.

तुमचा आकडा सरकारी आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही. सरकारी तक्ता पातळी घेऊन आधीच ठरलेल्या क्षमता-सारणीतून साठा वाचतो. तुम्ही आजचा काठ मोजलात. फरक पाच-दहा टक्क्यांत असेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. फार मोठा असेल तर आधी आपला उंबरठा, कुंपण आणि जलपर्णी तपासा, मगच सरकारला दोष द्या. आणखी एक सोपी तपासणी: पातळी खूप उतरली की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि फोटो बातम्यांत येतात. त्या आठवड्याच्या तुमच्या नकाशात तिथे अजून अखंड पाणी दिसत असेल, तर उंबरठा सैल आहे.

पावसाळ्यात रडार

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सेंटिनेल-२ बहुतेक वेळा ढगच दाखवतो, आणि धरण भरतं नेमकं तेव्हाच. तिथे सेंटिनेल-१ घ्या. हा उपग्रह स्वतःच सुमारे साडेपाच सेंटिमीटर तरंगलांबीची रडार लहर सोडतो आणि परत आलेली मोजतो. ढग, रात्र, काहीच आड येत नाही. लहर तिरकी पडते. शांत पाण्यावरून ती पुढे निसटते, उपग्रहाकडे परतत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. खडबडीत जमीन आणि पीक उजळ.

युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘स्नॅप’ सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात जीआरडी प्रकारची फाइल घेऊन क्रमाने कक्षा-फाइल लावणं, औष्णिक गोंगाट काढणं, कॅलिब्रेशन, ठिपक्यांची गाळणी, भूप्रदेश दुरुस्ती आणि शेवटी डेसिबलमध्ये रूपांतर एवढं करा. मग पुन्हा हिस्टोग्राम, पुन्हा दोन टेकाडांमधली दरी. अडचण वाऱ्याची आहे. जुलैच्या वाऱ्यात पाण्यावर लाटा उठतात आणि मधलं पाणी जमिनीसारखं उजळ होतं, विशेषतः व्हीव्ही ध्रुवणात, म्हणजे लहर उभ्या कंपनात सोडून उभ्यातच मोजलेली असते तेव्हा. व्हीएच, म्हणजे उभी सोडून आडवी मोजलेली लहर, त्या मानाने शांत, म्हणून दोन्ही बघा. जलपर्णी रडारलाही उजळच दिसते, तिथे सुटका नाही. आणि तुलना नेहमी एकाच कक्षेच्या, एकाच दिशेने जाणाऱ्या फेऱ्यांची करा.

इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची एल-बँड लहर सेंटिनेल-१ च्या लहरीपेक्षा लांब असल्याने ती झाडोऱ्यात जास्त आत शिरते. पाण्यावर वाढलेल्या वनस्पतींसाठी त्याचा डेटा करून बघण्यासारखा आहे.

पाणी आलं कुठून: वर बघण्याचं काम

उजनी भरतं ते उजनीवरच्या पावसाने नाही. तो पट्टा पर्जन्यछायेतला. पाणी येतं भीमाशंकरपासून मुळशी-खडकवासल्यापर्यंतच्या घाटमाथ्यावरून, आणि दौंडला येणारा विसर्ग त्याची बातमी आधी देतो. मग घाटमाथ्यावरचा पाऊस उपग्रहातून बघू, असं वाटणं साहजिक आहे.

इनसॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये गेलेला इनसॅट-३डीएस विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरतात, म्हणून भारत त्यांच्यासमोर कायम असतो. दर अर्ध्या तासाच्या प्रतिमा इस्रोच्या ‘मॉसडॅक’ संकेतस्थळावर मिळतात. औष्णिक अवरक्त प्रतिमेत जितकं पांढरं तितका ढगाचा माथा थंड, म्हणजे उंच. पांढरं म्हणजे पाऊस असं मात्र नाही. वादळी ढगांसाठी हे बऱ्यापैकी जमतं, पण सह्याद्रीवरचा मोसमी पाऊस पुष्कळदा बुटक्या, उबदार ढगांतून पडतो. वारा डोंगराला धडकतो, वर चढतो आणि धो धो कोसळतो. ढगाचा माथा मात्र फार उंच जात नाही. उपग्रहाला तो करडा, बिनमहत्त्वाचा वाटतो. यामुळेच घाटमाथ्यावर उपग्रहाचे पावसाचे आकडे पर्जन्यमापकापेक्षा कमी येतात. नासाचा आयमर्ग हा संच दर अर्ध्या तासाचा पाऊस ०.१ अंशाच्या, म्हणजे साधारण ११ किलोमीटरच्या चौकटीत देतो. एका चौकटीत घाटमाथाही येतो आणि कोरडा उतारही, आणि दोन्हींची सरासरी लागते. कोणत्या दिवशी पाऊस वाढला हे बघायला आयमर्ग वापरा. किती मिलिमीटर पडला हे पर्जन्यमापकालाच विचारा.

वर बघतोच आहोत तर धरणापलीकडचं एक उदाहरण: हवेची प्रत बघायची तर सेंटिनेल-५पी. ऑक्टोबर २०१७ मध्ये गेलेल्या या उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण दुपारी दीडच्या सुमारास नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड वगैरे वायू मोजतं. नायट्रोजन डायऑक्साइडचा पिक्सेल ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, तेव्हा आपल्या चौकातली हवा त्यात शोधू नका. पुणे-चाकण पट्टा किंवा चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र घ्या, हिवाळ्यातल्या महिन्याची सरासरी काढा, आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी दर्जा-निर्देशांक ०.७५ पेक्षा जास्त असलेलेच पिक्सेल धरा. जे मिळतं ते जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या खांबातलं एकूण प्रमाण, श्वासातल्या हवेचं नाही. हिवाळ्यात हवेचा खालचा थर दाबला जातो, तेव्हा खांबातला वायू तितकाच असूनही जमिनीलगतचं प्रमाण वाढू शकतं.

नोंदवही आणि पुढचं धरण

प्रत्येक प्रतिमेसाठी एक ओळ लिहा: फाइलचं पूर्ण नाव, भारतीय वेळ, प्रक्रिया-क्रमांक, हजार वजा केले की नाही, उंबरठा, जलपर्णीचं हाताने जोडलेलं क्षेत्र, त्या दिवशीची पातळी, क्षेत्र. धरणाचं कुंपण एकदाच काढा आणि सगळ्या तारखांना तेच वापरा.

उजनी जमलं की जायकवाडीला जा. तेही पसरट आणि उथळ आहे, पद्धत जशीच्या तशी चालते. गोसीखुर्दला गेलात तर प्रक्षेपण बदला. ७८ अंश पूर्वेच्या पलीकडे ४४ वा पट्टा लागतो, ईपीएसजी ३२६४४. कोयनेला मात्र या पद्धतीची फारशी साथ मिळत नाही. अरुंद, खोल दरी, उभे काठ. पातळी कित्येक मीटर उतरली तरी काठ जेमतेम थोडा सरकतो आणि तुमची अर्ध्या पिक्सेलची चूकच मोजायच्या बदलाएवढी होते. त्यात डिसेंबरच्या सकाळी डोंगरांच्या सावल्या पाण्यावर आणि उतारांवर पडतात, आणि निर्देशांकाला त्या पाणीच वाटतात. तिथे पातळीचा तक्ताच जास्त खरा.